शंभर किलोचा पट्टा

चाकण एमआयडीसीतल्या एका प्रेस शॉपमध्ये जानेवारीत नवे सेफ्टी बेल्ट आले. खांद्यांवरून आणि मांड्यांखालून आवळायच्या या पट्ट्यांच्या आत एक पांढरी चिठ्ठी शिवलेली असते. तिच्यावर लिहिलं होतं : कमाल वजन १०० किलो, वापरणारा आणि साहित्य मिळून. इंद्रायणी गवारेने ती वाचली आणि पट्टा परत खुंटीला अडकवला. तिचं त्या दिवशीचं वजन एकशे एक किलो चारशे ग्रॅम होतं, साहित्य न धरता.

प्रेस शॉपमध्ये मोटारींचे दरवाजे आणि बॉनेट पत्र्यातून दाबून काढतात. त्यासाठी लागणारे लोखंडी साचे, म्हणजे डाय, दहा-बारा टनांचे असतात. ते उचलून बसवणारी क्रेन छताखालच्या रुळांवर फिरते आणि तिची चालक बसते अकरा मीटर उंचीवरच्या केबिनमध्ये. वर जायला भिंतीला जडलेली सरळ शिडी. इंद्रायणी अकरा वर्षं ती शिडी चढते आहे. वय त्रेचाळीस, आयटीआय झालेली, सासर चिखलीचं. शॉपमध्ये बायका आता बऱ्याच आहेत, पण वर बसणारी एकटीच.

केबिनमध्ये ती पहिल्यांदा बसली तेव्हा अठ्ठ्याहत्तर किलोंची होती. पुढची वाढ वर्षाला दोन किलोंची. हिशोब अवघड नाही. डाय बदलायला चाळीस मिनिटं लागतात आणि त्यानंतर तास-दीड तास दुसरी डाय तयार होण्याची वाट बघायची असते. वर कुणी बोलायला नाही. सीटच्या डाव्या बाजूला फरसाणाची पिशवी असायची.

सेफ्टी ऑफिसर प्रीतम एकोणतीस वर्षांचा, पिंपळे सौदागरच्या एका मोठ्या सोसायटीत राहणारा, स्वभावाने सरळ. त्याने परिपत्रक काढलं : वर चढणाऱ्याचं वजन जास्तीत जास्त ब्याण्णव किलो, उरलेले आठ किलो बूट आणि हत्यारांसाठी. इंद्रायणीला तीस जूनपर्यंतची मुदत मिळाली. तोवर खाली, हातात बटणांचा डबा धरून चालवायच्या छोट्या क्रेनवर काम. मुदतीत वजन उतरलं नाही तर केबिनमध्ये दुसरा माणूस आणि इंद्रायणी कायमची पॅकिंगला.

"पॅकिंग वाईट नाही ताई," प्रीतम म्हणाला. "बसून काम आहे."

"वर काय मी उभी असते?"

प्रश्न बसण्या-उठण्याचा नव्हता. पॅकिंगमध्ये तासातासाला कुणीतरी डोक्यावर येऊन उभं राहतं. केबिनमध्ये इंद्रायणीच्या डोक्यावर फक्त छप्पर होतं, आणि बारा टनांची डाय प्रेसमधल्या जागा दाखवणाऱ्या चार खिळ्यांवर अलगद टेकवण्याचं काम तिच्याइतकं सफाईने शॉपमध्ये कुणाला जमत नव्हतं. हे तिला ठाऊक होतं. इतरांनाही.

वजन उतरवायचं ठरल्यावर सल्ले आपोआप आले. शेजारची दीपमाला सकाळी सहाला भरणाऱ्या एका न्यूट्रिशन क्लबात जायची. जेवणाऐवजी शेक प्यायचा, असा तिथला बेत.

"चव कसली असते?" इंद्रायणीने विचारलं.

"व्हॅनिला."

"भाकरीबरोबर लागेल का?"

दीपमाला रागावली आणि पंधरा दिवस बोलली नाही.

कंपनीच्या दवाखान्यात आहाराचं शिबिर झालं होतं. तिथे मिळालेला छापील तक्ता इंद्रायणीने स्वयंपाकघरात चिकटवला. सकाळी सातला ओट्स, अकराला एक फळ, दुपारी एकला दोन फुलके आणि भाजी, संध्याकाळी सातच्या आत सूप. सातनंतर काहीही नाही. ती कारखान्यात वाढलेली बाई. भिंतीवर लावलेला कागद पाळायचा, ही सवय हाडात मुरलेली. तिने तो अक्षरशः पाळला.

चूक इथेच झाली. इंद्रायणीची शिफ्ट दर आठवड्याला बदलते. दुसरी पाळी दुपारी तीन ते रात्री साडेअकरा. त्या आठवड्यात ती संध्याकाळी सातच्या आधी कँटीनमध्ये वाटीभर डाळीचं पाणी प्यायची आणि पुढचे साडेचार तास लोखंड उचलायची. घरी पोचून तशीच झोपायची. कंपनीच्या दवाखान्यात दर महिन्याला होणाऱ्या वजनाची तारीख जवळ आली तेव्हा तिने आणखी दोन दिवस फक्त ताक आणि काकडीवर काढले. वजन अठ्ठ्याण्णवपर्यंत आलं. मूडचं मोजमाप कुणी ठेवलं नव्हतं, पण क्रेनला हाताने खुणा करणाऱ्या नौशादला विचारलं तर त्याने आकडा सांगितला असता. जालन्याहून आलेला नौशाद नऊ वर्षं तिच्याबरोबर काम करतो.

"हळू ताई, हळू."

"मला शिकवू नकोस."

"शिकवत न्हाई, खूण करायलोय. त्याचाच पगार हाय मला."

"मग हाताने कर, तोंडाने नको."

फेब्रुवारीच्या मध्यावर, दुसऱ्या पाळीत आठ वाजता, तिच्या हातातल्या बटणांच्या डब्याला घाम सुटल्यासारखा वाटला. घाम तिचाच होता. अंगठा थरथरला, बटण दोनदा दाबलं गेलं, आणि तीन टनांची छोटी डाय झोका खाऊन रॅकच्या खांबाला घासली. नौशाद दीड हातावर होता. कुणाला काही झालं नाही. तिने क्रेन थांबवली, डाय खाली ठेवली आणि मगच भिंतीचा आधार घेतला. नौशादने खिशातला पारलेचा पुडा काढून तिच्या हातात ठेवला. ती उभ्याउभ्या नऊ बिस्किटं खाऊन गेली.

कारखान्यात थोडक्यात टळलेल्या अपघाताला 'निअर मिस' म्हणतात. त्याच्या चिठ्ठ्या भरून दाराजवळच्या पेटीत टाकायच्या असतात. प्रत्येक विभागाने महिन्याला चार चिठ्ठ्या द्यायच्या, म्हणून लोक 'फरशीवर तेल आढळले' असं काहीतरी लिहून कोटा पुरा करतात. स्वतःच्या चुकीची चिठ्ठी सहसा कुणी टाकत नाही. इंद्रायणीने टाकली. कारणाच्या रकान्यात तिने लिहिलं : ऑपरेटर उपाशी.

दुसऱ्या दिवशी प्रीतम चिठ्ठी घेऊन आला.

"ताई, असं लिहीत नाहीत."

"मग कसं लिहितात?"

"ऑपरेटरचं लक्ष नव्हतं, असं लिहा. फाइल वर जाते."

"लक्ष होतं. पोटात काही नव्हतं."

"तुम्ही स्वतःचंच नुकसान करून घेताय."

"नौशादचं डोकं वाचलं ते धरा की हिशोबात. आता पुढचा फॉर्म द्या, का-का वाला."

'का-का' म्हणजे कारखान्यातली जुनी रीत. दोष सापडला की लागोपाठ पाच वेळा 'का' विचारायचं, पाचव्या उत्तरात मूळ सापडतं असं मानतात. इंद्रायणीने पत्र्याच्या चिरांसाठी हा फॉर्म शेकडो वेळा भरला होता. आता तिने लिहिलं : डाय का हलली? अंगठा थरथरला. का? सात तास पोटात धड काही नव्हतं. का? तक्त्यात सातनंतर मनाई. का? तक्ता नऊ ते सहा काम करणाऱ्याचा. का? करणाऱ्याने शिफ्ट विचारली नाही.

खाली आणखी एक ओळ तिने मनाने जोडली : ब्याण्णवचा आकडा पट्ट्याच्या चिठ्ठीवर नाही, तो कुठून आला?

प्रीतमने शेवटच्या ओळीवर पेनाने गोल केला. "हे नंतर. आधी वजन उतरवा, मग भांडा."

"दोन्ही करीन," ती म्हणाली.

घरी तिने छापील तक्ता काढला आणि वहीच्या पानांवर तीन तक्ते केले, तीन पाळ्यांचे. घड्याळाच्या वेळा खोडल्या. मोजायचं ते उठल्यापासून : उठल्यावर तासाभरात पहिलं खाणं, मग दर चार तासांनी. ओट्स गेले, ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, अंडी आली. दुसऱ्या पाळीत साडेसातला कँटीनमध्ये पोटभर जेवण, त्यातून भात वगळून. आठवडाभर तिने आणखी एक नोंद ठेवली, फरसाणाची आठवण केव्हा येते याची. चौदा वेळा आली. त्यातल्या चार वेळा खरी भूक होती. सहा वेळा काम थांबलेलं होतं. चार वेळा ती कुणावर तरी चिडलेली होती, त्यात दोनदा सासूवर.

तिने फरसाण बंद केलं नाही. बुधवारी आणि शनिवारी एक वाटी, खाली बसून, दुसरं काही न करता. "चोरून खाल्लं की पिशवी संपते," तिचं म्हणणं, "मांडून खाल्लं की वाटी संपते." पहिल्या पंधरवड्यात वजन दीड किलो वाढलं. तक्ते तिने तसेच ठेवले.

सासू सोजरबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या. गवाऱ्यांच्या शेतात आता पत्र्याची शेडं आहेत, त्यात लेथ चालतात, पण सोजरबाईंचं जेवायला वाढणं चार एकर पिकत होती तेव्हाचंच आहे.

"सुनंला उपाशी ठेवती म्हणून गाव मलाच नावं ठेवंल," त्या म्हणाल्या.

"उपाशी नाही हो आत्या. पाच वेळा खाते मी."

"पाच येळा वाटी वाटी. आमी काय चिमण्या पाळल्यात व्हय?"

वाद पेटला तो चैत्रातल्या जत्रेवरून. जत्रेला गवाऱ्यांकडे चाळीस माणसं जेवतात. मटणाची पातेली अंगणात चुलीवर चढतात आणि रस्सा इंद्रायणीच्या हातचाच लागतो. दीपमालाने, आता बोलायला लागल्यावर, बजावलं, "त्या दिवशी तू सरळ माहेरी जा. समोर दिसलं की राहवत नाही."

"राहवून घ्यायचंच नाही मला," इंद्रायणी म्हणाली. "जत्रेला मी जेवणार."

ती जेवली. एक ताट, दोन भाकरी, रस्सा, नळी. सकाळची न्याहारी नेहमीसारखी करून ती चुलीपाशी बसली होती, त्यामुळे चवी बघता बघता पोट भरण्याचा दरवर्षीचा प्रकार झाला नाही. तिसरी भाकरी सोजरबाईंनी ताटात टाकली, ती तिने उचलून शेजारी बसलेल्या नौशादच्या ताटात ठेवली. तो सहकुटुंब आला होता.

"ताई, वजन माझं वाढवायलात," नौशाद म्हणाला.

"तुला कुठं शिडी चढायचीय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी काट्याने एक किलो सातशे जास्त दाखवले. सत्त्याण्णवचे अठ्ठ्याण्णव सातशे. संध्याकाळी ताकाचा पेला भरून घेतला, म्हणजे आज एवढंच. पेला हातात धरून ती ओट्यापाशी बराच वेळ उभी होती.

"काय गं, जेवायचं न्हाई?" सोजरबाईंनी विचारलं.

"वजन वाढलंय."

"मटान खाल्लं, वाढणारच की. पोटातच हाय अजून. परसाकडं जाशील, उतरंल."

इंद्रायणीला हसू आलं ते आवरेना. तिने पीठ मळायला घेतलं आणि तक्त्याप्रमाणे दीड भाकरी आणि मेथी खाल्ली. आठवड्याने काटा सत्त्याण्णव शंभरवर आला. मे अखेर पंच्याण्णव दोनशे.

एकोणतीस जूनला, पहिली पाळी सुरू होण्याआधी, कंपनीच्या दवाखान्यात तिचं वजन झालं. बूट काढून, हेल्मेट काढून. त्र्याण्णव किलो आठशे. प्रीतमने काट्यावरचा आकडा वाचला.

"छान उतरलंय ताई, पण एक किलो आठशे जास्त आहे. मी काही करू शकत नाही."

"थांबा." तिने बूट चढवले, हेल्मेट घातलं, पट्टा आवळला, वॉकीटॉकी कमरेला लावला, लिटरची बाटली आणि डबा हातात घेतला आणि पुन्हा काट्यावर उभी राहिली. "आता वाचा. मी अनवाणी चढत नाही."

अठ्ठ्याण्णव किलो नऊशे.

"आणि हत्यारांची पिशवी?"

"ती फिटरची. वर हातोडा घेऊन मी काय करू? तिथं दोन लिव्हर आहेत आणि एक भोंगा."

"पण परिपत्रकात ब्याण्णव आहे."

"परिपत्रक तुमचं. पट्टा शंभर म्हणतो, सगळं मिळून. फेब्रुवारीत विचारलं होतं मी, तुम्ही गोल करून ठेवलात. आठ किलो कुणी मोजले होते?"

प्रीतम खरं ते बोलला, "कुणीच नाही. अंदाजाने धरले."

"माझे मोजलेत. पाच किलो शंभर."

त्याने मॅनेजरला फोन लावला. ती काट्यावरून उतरली नाही. फोनवर प्रीतमने पट्ट्यावरची चिठ्ठी शब्दशः वाचून दाखवली, काट्यावरचा आकडा सांगितला, "हो सर, साहित्यासह," असं दोनदा म्हणाला आणि फोन ठेवून रजिस्टर ओढलं. नोंद झाली : ९८.९, पूर्ण साहित्यासह, चढण्यास योग्य, तीन महिन्यांनी पुन्हा मोजणी.

"एचआरला आधीचा आणि आताचा फोटो पाहिजे," तो म्हणाला. "सूचना फलकावर लावायला. बाकीच्यांना प्रेरणा मिळेल."

"फोटो नको. माझे तीन तक्ते लावा. आणि सेकंड शिफ्टच्या जेवणात अंडं ठेवायला सांगा कँटीनला."

शिडीला छत्तीस पायऱ्या आहेत. नौशाद खाली कमरेवर हात ठेवून वर बघत होता. सहा महिन्यांनी चढताना विसाव्या पायरीवर इंद्रायणी थांबली. पट्ट्याची दोरी ताणून धरून तिने दोन-तीन श्वास घेतले.

"दमलात का ताई?" नौशाद खालून ओरडला.

"दमले. मग? थांबून जाईन की."

आणि उरलेल्या सोळा पायऱ्या ती चढून गेली.