चाळीस डिग्रीवर स्थिर

“सायब, ह्यो विझलाय,” वाघमारेमामा म्हणाले. आमच्या रेझिनच्या कारखान्यातले सगळ्यात जुने ऑपरेटर. मीटर बघायच्या आधी रिअ‍ॅक्टरच्या पाइपला पालथा हात लावायची त्यांची सवय. आम्ही इंजिनिअर लोक त्यावरून त्यांची लय चेष्टा करायचो.

मी चार्ट दाखवला. चाळीस डिग्री, रेघ सरळ. “स्टेडी आहे की मामा! उगाच काय घाबरवताय?”

“स्टेडी हाय, पण माल कच्चाच भायेर यायलाय. आधी फीड बंद करा.”

थोडं समजावून सांगतो. रिअ‍ॅक्टरमध्ये एकीकडून कच्चा माल, म्हणजे फीड, सतत आत येतो, दुसरीकडून तयार माल बाहेर जातो. रिअ‍ॅक्शन उष्णता तयार करते आणि भोवतीच्या जॅकेटमधलं पाणी ती काढून नेतं. दोन्हींचा मेळ बसला की तापमान स्थिर. पण हा मेळ दोन ठिकाणी बसतो. आमच्याकडे वर पंच्याऐंशीला, खाली चाळीसला. पेटलेली चूल स्थिर असते, तशी विझलेलीही असते. थंडीत बोअरचं पाणी जास्तच गार आलं, रिअ‍ॅक्शन विझली आणि अख्खी टाकी कच्च्या मालाने भरली.

तेवढ्यात प्लांट मॅनेजरांचा फोन. “टेंपरेचर वाढवा, डिस्पॅच अडलाय.”

मी जॅकेटमध्ये वाफ सोडायला सांगितली. मामा दोनदा नको म्हणाले.

“तुम्हाला जास्त कळतं का मला?” मी ओरडलो. त्यांनी वाफेचा व्हॉल्व्ह फिरवला.

तापमान साठच्या वर गेलं. मग वाफ बंद केली तरी थांबेना. साठलेला सगळा माल एकदमच रिअ‍ॅक्ट व्हायला लागला होता. “सायब, तुमी पळा, मी पाणी सोडतो!” म्हणत मामा प्लॅटफॉर्मवर चढले. पाण्याचा व्हॉल्व्ह त्यांनी पूर्ण उघडला, पण तेवढ्यात दाबाने झाकणाची गॅस्केट फाटली आणि उकळता माल बाहेर उसळला. मी खाली होतो म्हणून वाचलो. ते भाजले. तिसऱ्या दिवशी गेले.

मॅनेजर म्हणाले, “ऑपरेटरची चूक, असं लिहा.” मी माझी चूक लिहिली. त्यात कसली मर्दुमकी? माणूस तर गेलाच होता.

बोरी गावाला मामांच्या घरी गेलो. मामींनी जयभीम केला, पाणी दिलं. आणि विचारलं, “त्यांना कळलं न्हवतं का वो, सायब?”

“कळलं होतं. त्यांनी मला सांगितलंही होतं.”

“मग?”

मला रडू आवरलं नाही.

पुढे निवृत्त होईपर्यंत मी एक नियम पाळला. तापमान खाली स्थिरावलं तर वाफ द्यायची नाही, आधी फीड बंद करायचा. साधा नियम आहे, कॉलेजात शिकवतात. त्या दिवशीही तो मला पाठ होता.