छतावरच्या डब्याचे शेअर

पत्रकाराच्या डोक्यात किस्से साचतात, आमच्या शहरातल्या बुढातलावात गाळ साचतो तसे. कोणी उपसत नाही आणि तळं उथळ होत जातं. हे काही किस्से बुढापाऱ्यातल्या आमच्या चहाच्या ठेल्यावरचे. ठेल्यावर आम्ही तिघं: मी, बँकेतून रिटायर झालेले देशकर आणि रेल्वेच्या टेलिकॉम खात्यात जन्म काढलेले वासनिकभाऊ.

*

एक नवी कंपनी आली. केबल नाही, खोदकाम नाही. या छतावरून त्या छतावर प्रकाशाच्या किरणातून इंटरनेट. वासनिकभाऊंनी कनेक्शन घेतलं. डिसेंबरच्या धुक्यात छतावर चढून कंपनीने बसवलेल्या डब्यासमोर पाण्याचा फवारा मारून पाहिला. नेट चालूच! दुसऱ्याच दिवशी त्यांनी कंपनीचे शेअर घेतले.

देशकरांनी विचारलं, ताळेबंद पाहिला का?

"मशीन पाहिली ना म्या. कागद काहून पाहू?"

*

कागद मी पाहिला. सगळी कमाई एकाच ग्राहकाकडून, आणि मालकाने स्वतःचे शेअर गहाण टाकलेले. मी ते भाऊंना सांगितलं. रेल्वेचं क्वार्टर सोडल्यापासून ते पुरानी बस्तीत भाड्याने राहतात. रिटायरमेंटचा पैसा शालूवहिनींच्या हक्काच्या दोन खोल्यांसाठी होता. निदान तो तरी वेगळा ठेवा, म्हटलं.

भाऊ हसले. "तुम्ही पेपरवाले चालत्या गाडीचा फक्त ब्रेकच पाहता."

*

मग मी बातमी लिहिली. संपादकांनी ती दाबली, कारण रविवारी त्याच कंपनीची पानभर जाहिरात होती. मी केबिनमध्ये टेबल बडवलं. काही उपयोग झाला नाही.

सोमवारी भाऊ ते पान घडी करून ठेल्यावर घेऊन आले. आणखी शेअर घेतले होते.

"पाहा, तुमच्याच पेपरात आलं. आता तं मानता?"

*

भाव निम्म्यावर आला. देशकर हात जोडून म्हणाले, जे उरलंय ते विका.

भाऊंनी चहा संपवला. "आमच्या काळात सिग्नलचा हात खाली आला की गाडी निघे."

उरलेला पैसाही त्यांनी त्यातच घातला.

*

ग्राहक गेला. मालक गायब झाला. शेअरचा व्यवहार बंद पडला. भाऊंनी आम्हा दोघांना एकच गोष्ट मागितली: शालूले सांगू नका. आणि दर रविवारी ते वहिनींना स्कूटरवर बसवून शंकर नगरच्या पुढे प्लॉट दाखवायला नेत राहिले.

मला ते बघवेना. आयुष्यभर लोकांची लपवाछपवी छापली आणि मित्राच्या घरात तीच सांभाळत बसलो होतो! एक दिवस भाऊ दवाखान्यात गेलेले पाहून मी त्यांच्या घरी गेलो. वहिनी गहू निवडत होत्या. मी म्हटलं, वहिनी, त्या शेअरबद्दल बोलायचं आहे.

त्यांनी सूप खाली ठेवलं नाही.

"खातं उघडताना त्यायनं माझाच नंबर देला होता, भाऊ. दरवेळी शेअर घेतले की मेसेज माझ्याच फोनवर ये."

त्यांनी सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला.

"मले मालूम आहे हे त्यायले सांगू नका. रविवारी आम्ही प्लॉट पाहाले जाऊन राहिलो. तिथं ते मले विचारतात, किचन कोणत्या बाजूले पायजे."