पुस्तकात रेघ मारायची नाही

पत्र मार्चच्या सुरुवातीला आलं. वर छापलेलं 'चंद्रपूर' खोडून शेजारी पेनाने 'गडचिरोली' लिहिलं होतं. जिल्हा वेगळा होऊन काही वर्षं झाली होती, पण जुने कागद संपायचे होते. मजकूर असा, की यंदापासून चौथीची परीक्षा राज्यभर एकाच दिवशी, एकाच पेपरवर होईल. पेपर छापील. प्रत्येक प्रश्नाखाली चार उत्तरं, त्यातल्या बरोबर उत्तराच्या आकड्याभोवती गोल करायचा. परीक्षा आपापल्या शाळेत नाही, केंद्रावर. शेवटी एक ओळ होती: शिक्षकांनी घरोघर जाऊन पालकांची मानसिक तयारी करून घ्यावी.

आमची शाळा एकशिक्षकी, तेव्हा ही तयारी करून घेणारी मी एकटीच. नागभीडला गाडीतून उतरायचं, तिथून एसटी, आणि एसटी जिथे सोडून द्यायची तिथून पुढे पायी, असं ते गाव होतं. मी भद्रावतीच्या कारखान्याच्या वसाहतीत वाढले. तिथे भोंगा वाजला की लोक उठायचे आणि भोंगा वाजला की जेवायचे. इथे भोंग्याचं काम झाडं आणि पिकं करत. धान, मोह, तेंदू, पुन्हा धान. हे अंगवळणी पडायला मला दोन वर्षं लागली.

चौथीत नऊ मुलं होती. त्यांतल्या आठ जणांचं या परीक्षेने फारसं काही बिघडणार नव्हतं. चार मुलगे पाचवीला केंद्राच्या गावी चालत जाणार होते, पास होवोत की काठावर राहोत. चार मुलींच्या घरी पाचवीचा विषयच नव्हता आणि माझे वाद घालून झाले होते. राहिली एक. ती मिळेल ते वाचायची. मी डबा ज्या वर्तमानपत्रात गुंडाळून आणत असे तेही मागून न्यायची. तिला पाचवीला जायचं तर तालुक्याच्या मुलींच्या वसतिगृहात जागा मिळायला हवी होती, आणि यंदापासून ती जागा या नव्या परीक्षेच्या गुणांवर मिळणार होती.

तिच्या आईने मला आधीच सांगून ठेवलं होतं. "पास झाली अन् जागा भेटली तं पाठवीन, बाई. नाई भेटली तं रोवन्याले माह्यासंग येईल. मंग पुन्हा मले काई म्हनाचं नाई." रोवणा म्हणजे धानाची लावणी. एकदा मुलगी चिखलात उभी राहिली की ती शाळेत परत येत नाही, हे आम्हा दोघींना माहीत होतं.

मी घरोघर जाऊ लागले. नमुन्याची एक पुस्तिका शाळेला मिळाली होती. 'जशीच्या तशी परत करावी' असा शेरा तिच्यावर होता, म्हणून मी ती जाड कागदात गुंडाळून नेत असे आणि दुरून दाखवत असे. कोणी बोट पुढे केलं की म्हणायचे, "हात लावू नका. परत द्यायची आहे."

लोकांच्या शंका मला वाटल्या त्याहून वेगळ्या निघाल्या. एका म्हाताऱ्याने विचारलं, "सुई तं नाई टोचत?" मी म्हटलं, नाही, फक्त पेन्सिल. "मंग घेऊन जा," तो म्हणाला. दुसऱ्या घरी मुलाचा बाप बराच वेळ त्या पुस्तिकेकडे पाहत राहिला. "उत्तरं सरकारच लिहून देऊन राह्यलं?"

"चार देतं. त्यातलं एकच बरोबर असतं."

"मंग तीन खोटी काऊन लिहते?"

मी पुस्तिका पुन्हा कागदात गुंडाळली.

त्या मुलीच्या घरी गेले तेव्हा तिची आई अंगणात टोपल्या दुरुस्त करत होती. परीक्षेची तारीख सांगताच तिने हात थांबवला. तारीख ऐन मोहाच्या दिवसांत पडत होती. मोहाची फुलं पहाटे गळतात आणि उन्हं चढायच्या आत वेचावी लागतात, नाहीतर जनावरं खातात. प्रत्येक घराची झाडं ठरलेली असतात. झाडाखालचा पाचोळा जाळून जागा स्वच्छ केली, की त्या झाडाखाली दुसऱ्या कोणी हात घालायचा नाही.

"त्या दिवशी मोह पडत नाई काय?" ती म्हणाली.

"पडतो. पण परीक्षा त्याच दिवशी आहे. राज्यभर त्याच दिवशी."

"तुमच्या राज्यात मोहाची झाडं नाईत वाट्टे."

मी म्हटलं, मुलीला मी घेऊन जाते, तुम्ही मोह वेचा. ते तिला पटेना. आठ किलोमीटर जंगलातून, त्यात मोहावर अस्वल येण्याचे दिवस. मुलगी जाईल तर ती बरोबर जाईल. पण मग झाडाखाली कोण? शेजारच्याच घरात तिची जाऊ राहत होती. मी जावेचं नाव काढलं आणि चूक केली.

"तिचा हात माह्या झाडाखाली? मागच्या साली माह्या कोंबड्या तिच्या वाडीत गेल्या तं तीन दिवस बोंबलत होती."

मी कोंबड्यांचा विषय बाजूला ठेवून सरळ जावेकडे गेले. जाऊ म्हणाली, "वेचीन. पन तिनं सोता येऊन सांगतलं पायजे." दोघींमध्ये कुडाची एक भिंत होती आणि दोघी एकमेकींचं बोलणं ऐकत होत्या. मी तीन वेळा या दारातून त्या दारात गेले. चौथ्या वेळी मी सांगितलं की मला स्वयंपाक करायचा आहे, आणि निघाले. दुसऱ्या दिवशी मुलगी शाळेत म्हणाली, "आईनं काकूले सांगतलं." काय सांगितलं ते मी विचारलं नाही.

आदल्या दिवशी मी निघताना मुलीच्या आईने मला थांबवलं आणि पेटीतून चौथीची पुस्तकं काढून दाखवली. सिमेंटच्या पिशवीच्या कागदाची कव्हरं, कोपरे सरळ. "पाहा बाई. एक रेघ नाई."

मी पानं चाळली आणि शाबास म्हटलं. आमच्या शाळेत पुस्तकांचे संच एकदाच मिळालेले होते. दर वर्षी एका वर्गाने ते पुढच्या वर्गाला द्यायचे. म्हणून माझा पहिल्या दिवसापासूनचा नियम होता, छापलेल्या कागदावर रेघ मारायची नाही. एप्रिलमध्ये मी एकेक पान तपासत असे. ज्याच्या पुस्तकात खूण सापडे तो दिवसभर पाटी डोक्यावर धरून उभा राही. चार वर्षांत नऊच्या नऊ मुलं इतकी तयार झाली होती, की पुस्तक उघडण्याआधी हातातली पेन्सिल खाली ठेवत. मला त्याचा अभिमान होता.

परीक्षेचा सराव मी फळ्यावर घेतला. प्रश्न लिहायचे, खाली चार उत्तरं, आणि मुलांनी पाटीवर बरोबर उत्तराचा आकडा लिहून पाटी वर धरायची. त्या मुलीची पाटी सगळ्यांत आधी वर येई. महिनाअखेरीस नवांपैकी सहा जण नीट उत्तरं देत होते. माझी तयारी झाली होती.

परीक्षेच्या दिवशी आम्ही उजाडताच निघालो. नऊ मुलं, चार आया, दोन बाप आणि मी. वाटेत झाडांखाली लोक वेचत होते. त्या मुलीच्या आईचं झाड वाटेवरच होतं. तिथे जाऊ वाकून फुलं वेचत होती. मुलीच्या आईने चालता चालताच पाहिलं आणि म्हणाली, "बुंध्याकडून सुरू केलं तिनं. कडेची आधी वेचाव लागते." जाऊ मान वर न करता म्हणाली, "तू पेपर पाहाले जा." मला हे बोलणं बऱ्यापैकी समेटाचं वाटलं.

केंद्रावर पोचलो तेव्हा कळलं, की ज्यांची मुलं परीक्षेला आहेत त्या शिक्षकांनी कुंपणाच्या आत यायचं नाही. वर्गावरचे गुरुजी बाहेरगावचे होते. मुलं आत गेली, आम्ही कुंपणाबाहेर कडुनिंबाखाली बसलो. पेपर दीड तासाचा. घंटा झाली. मी पिशवीतून विणकाम काढलं.

अर्धा तास झाला असेल. शाळेचा शिपाई कुंपणाजवळच्या हापशीवर पाणी भरायला आला. आम्ही नवीन दिसलो असू म्हणून हापसता हापसता बोलू लागला.

"तुमच्या गावचे पोट्टे लई गुनी हायेत, बाई."

"का बरं?"

"पेपरले हातच लावत नाईत. हाताची घडी घालून बसले. वाचून राह्यले, पान पलटवून राह्यले, पन गोल काई करत नाईत. सर म्हनत होते, जंगलातले लेकरं, काई येत नसंल, बसू द्या."

"सगळे?"

"नऊच्या नऊ. एका पोट्टीनं इचारलं, सर, पाटी कवा देता?"

मी विणकाम खाली ठेवलं. सारं एका क्षणात लक्षात आलं. छापलेली, टाचलेली, कव्हर असलेली ती वस्तू त्यांच्या लेखी पुस्तक होतं. पुस्तकात रेघ मारायची नाही. उत्तर पाटीवर लिहायचं. आणि महिनाभर मीच नमुन्याच्या पुस्तिकेला कोणाला बोटही लावू दिलं नव्हतं.

मी उठले आणि फाटकापाशी जाऊन थांबले. नियम स्पष्ट होता. मी आत गेले, किंवा बाहेरून एक शब्द बोलले, तर नऊ जणांचे पेपर रद्द होऊ शकले असते. शिपायाजवळ निरोप द्यावा, तर तोही निरोपच. घड्याळात पाहिलं. पस्तीस मिनिटं गेली होती.

मुलीची आई माझ्याजवळ आली. "काय झालं, बाई?"

मी सांगितलं. तिला समजायला वेळ लागला नाही. तिच्याच पेटीत ती पुस्तकं होती. "मंग सांगा त्याइले."

"मी सांगू शकत नाही. शिक्षकाने बोलायचं नाही असा नियम आहे."

"मी शिक्षक हाये काय?"

मी तिला जा म्हटलं नाही. थांबही म्हटलं नाही. ती कुंपणाला लागून खिडकीच्या समोर गेली आणि रानात हाक मारतात तशा आवाजात तिने सांगितलं, "लिव्हा रे पोट्टेहो, त्या पुस्तकावरच लिव्हा. बाई मारत नाई. मी बाईले इचारलं."

शेवटचं वाक्य तिने घातलं नसतं तर मला बरं वाटलं असतं.

आतून गुरुजी बाहेर आले. पन्नाशीचे, चष्मा कपाळावर. "कोण बोललं?"

"मी," ती म्हणाली.

"परीक्षा चालू आहे. उत्तरं सांगता?"

"उत्तर कुठी सांगतलं? लिव्हा म्हटलं. मले उत्तरं आली असती, सर, तं मी इथी कुंपनाबाहेर बसली असती काय?"

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. मी कुंपणाच्या बाहेरच उभी राहून त्यांना पुस्तकांचा नियम सांगितला, पाटीचा सराव सांगितला, नमुन्याची पुस्तिका कशी जपली तेही सांगितलं. चूक माझी होती आणि ती सांगायला दोन मिनिटंही लागली नाहीत. ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, "म्हणजे यांना येत नाही असं नाही."

"त्यांना फार चांगलं येतं. तुम्ही परवानगी द्या, मी देऊ शकत नाही."

ते आत गेले. खिडकीतून त्यांचा आवाज आला, "पुस्तिकेवरच लिहायचं आहे. ही पुस्तिका तुमचीच आहे, पुढच्या वर्गाला द्यायची नाही." मग नऊ पेन्सिली एकदम सुरू झाल्याचा आवाज मला ऐकू आला असं मी नेहमी सांगते. खरं म्हणजे इतक्या लांबून काही ऐकू येत नव्हतं.

मुलीची आई परत येऊन बसली. तिने तळवे लुगड्याला पुसले. "पन्नास मिन्टात होते काय, बाई?"

"माहीत नाही," मी म्हटलं. ते खरं होतं.

घंटा झाली. मुलं बाहेर आली. चार मुलगे लगेच हापशीकडे धावले. मुलगी आमच्यापाशी येऊन उभी राहिली, आधी माझ्याकडे पाहत. मी रागावले नाही याची तिने खात्री करून घेतली.

"किती झाले?" मी विचारलं.

"सगळे."

"वेळ पुरला?"

"उत्तरं तं आधीच काढून ठेवली होती, बाई. मनात. गोल कराले किती येळ लागते?"

तिची आई एवढंच म्हणाली, "चल. तुह्या काकूनं कडेची फुलं सोडली असतीन." परतीच्या वाटेवर ती आमच्या बरीच पुढे चालत होती. झाडापाशी पोचलो तर कडेचीही वेचलेली होती, आणि टोपली झाडाच्या बुंध्याशी झाकून ठेवलेली.

निकाल मेअखेरीस आला. मी सुटीत बहिणीकडे ऊर्जानगरला जाणार होते, तो बेत निकालासाठी पुढे ढकलला होता. नऊपैकी सात पास. मुलीचं नाव वसतिगृहाच्या यादीत होतं, वरून तिसरं. मी यादी दोनदा वाचली, मग त्या घरी गेले आणि तिच्या आईला सांगितलं. ती धानाचं बियाणं पाखडत होती. सूप तिने खाली ठेवलं आणि विचारलं, "तिथी पांघरून देतेत, का घरून न्या लागते?" मी म्हटलं, घरून. "मंग एक शिवा लागंल," ती म्हणाली आणि भिंतीपलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात जावेला विचारलं, की तिच्याकडे जुनी लुगडी आहेत काय. होती. त्या दिवशी मी बऱ्याच दिवसांनी दुपारी झोपले.

जाण्याआधी मुलगी चौथीची पुस्तकं परत करायला आली. मी सवयीने एकेक पान चाळलं. एकही रेघ नव्हती. रोवणा सुरू झाला तेव्हा ती तालुक्याला होती आणि तिच्या आईने बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, तिच्या जागी जावेला उभं केलं होतं.

शाळा उघडली त्या दिवशी मी तीच पुस्तकं नव्या चौथीला वाटली. मुलांनी पेन्सिली खाली ठेवल्या. मी त्यांना त्या उचलायला लावल्या, पहिला धडा उघडायला सांगितला आणि म्हटलं, प्रत्येकाने एका शब्दाभोवती गोल करा. कोणी करेना. मग मी पहिल्या बाकावरचं पुस्तक घेतलं आणि स्वतः एक गोल केला. हलकाच, खोडता येईल असा. पुढच्या वर्गाला पुस्तकं द्यायचीच होती.