कवळीकाका आणि गोदामाचं वळण

सायकल चालवता चालवता माणूस झोपू शकतो का? कवळीकाकांच्या बायकोचं म्हणणं, शकतो, आणि तसला एक आपल्याच घरात आहे. काकांचं म्हणणं, झोप वेगळी आणि तंद्री वेगळी. या एका मुद्द्यावर दोघांचं सव्वीस वर्षं जमलं नाही. बाकी संसार झकास.

काकांचा धंदा कवळ्या करण्याचा. दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यामागं एक अरुंद खोली, खिडकीशी टेबल, टेबलावर स्पिरिटचा दिवा, आणि फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीनं मांडलेले, प्रत्येकाखाली नावाची चिठ्ठी. बाईंनी पेशंटच्या तोंडाचं माप आत पाठवायचं, काकांनी त्यात प्लास्टर ओतायचं, वर मेणाची हिरडी चढवायची आणि चिमट्यानं एकेक दात बसवायचा. आता चौदा वर नि चौदा खाली बसवायला काय लागतं? कुणीही बसवेल. पण काकांना आधी तो माणूस दिसावा लागायचा. प्रत्यक्ष नव्हे, पेशंट पुढच्या दाराने येऊन पुढच्याच दाराने जायचे. काकांना तो दिसायचा सायकलवर.

घरापासून दवाखाना पस्तीस मिनिटं. सकाळी नदीवर धुकं असायचं, पुलाचे कठडे अर्धेच दिसायचे, पाय आपले आपण फिरत राहायचे. पुलाच्या मध्यावर पोचेपर्यंत कालच्या मापातली म्हातारी हळूच येऊन काकांच्या मनात बसायची. गेली किती वर्षं ती तोंडावर हात धरूनच हसत असणार. तरुणपणी कशी हसत असेल? काका पॅडल मारत राहायचे आणि ती हसून दाखवायची. वरचा एक दात जरासा शेजाऱ्यावर चढलेला होता तर! दवाखान्यात पोचल्यावर काका तो दात तस्सा तिरका बसवायचे. डॉक्टरीणबाई कपाळाला हात लावायच्या, आणि पेशंट आरशात बघून रडायचे. चांगल्या अर्थानं.

ही झाली तंद्री. आता वळण.

पूल उतरला की रस्ता जुन्या गोदामाच्या भिंतीवर जाऊन आदळतो आणि एकदम डावीकडे वळतो. तिथं तो असा चिंचोळा होतो की ट्रक वळला की भिंत आणि ट्रक यांच्यामध्ये सायकलवाल्याला हातभरही जागा उरत नाही. बारा वर्षांपूर्वी तिथं एक दूधवाला गेला. त्यानंतर एका निवृत्त गाण्याच्या मास्तरांनी एक रीत पाडली. कोपऱ्यावरच्या रंगाच्या दुकानाशी आलं की दोनदा घंटी वाजवायची, “उतरा” म्हणायचं आणि सायकल हातात धरून भिंतीच्या कडेनं, एकामागं एक, चालत जायचं. ऐंशी पावलं फार तर. पुढं रस्ता रुंद झाला की पुन्हा टांग टाकायची. मास्तरांचं बघून इतर उतरायला लागले. गिरणीतले, बँकेतले, कॉलेजची मुलं, इस्पितळातली नर्स. लोक चेष्टेनं त्यांना ‘उतरू’ म्हणायला लागले आणि यांनी ते नाव खुशाल लावून घेतलं. त्या ऐंशी पावलांत बातम्या कळायच्या, औषधं सांगितली जायची, एक लग्नसुद्धा जमलं. बारा वर्षांत त्या वळणावर उतरूंपैकी कुणाला खरचटलंही नाही.

फक्त एकाला. कुणाला, ते सांगायला हवं का?

मागच्या वर्षी काकांच्या मनात एक पोस्टमन आला होता. त्याच्या खालच्या दातांचं काही केल्या जमत नव्हतं. रंगाचं दुकान आलं, घंट्या वाजल्या, सगळे उतरले. काका मात्र पोस्टमनला घेऊन सरळ वळणात घुसले. ट्रकच्या मागच्या फळीचा नुसता धक्का लागला. गळ्याखालचं हाड मोडलं, दीड महिना हात झोळीत. बायको शाळेच्या ग्रंथालयात कामाला. तिला सवय कमी बोलायची. घरी आल्यावर शांतपणे म्हणाली की, त्या वळणावर सायकलींना वेगळा पट्टा होईल त्या दिवशी सायकल, तोवर बस. काकांनी शब्द दिला. देणार नाहीत तर काय करतील? तिचा चेहराच तसा झाला होता.

तेव्हापासून सायकल गच्चीत आणि काका बसमध्ये. बसमध्ये कुणाचं कोपर बरगडीत, कुणाच्या फोनवरचं भांडण कानात. तिथं कुठली म्हातारी नि कुठला पोस्टमन! कुणी येईनाच. कवळ्या व्हायच्या, मापात बसायच्या, पण सगळ्या सारख्या. एके दिवशी डॉक्टरीणबाईंनी एक कवळी हातात फिरवून बघितली आणि हळूच म्हणाल्या की काका, ही कुणालाही बसेल अशी वाटते. दुसरं कुणी असतं तर त्याला ते कौतुक वाटलं असतं. काका त्या दिवशी जेवले नाहीत.

म्हणून मग काका पट्ट्याच्या मागं लागले, हात धुऊन. उतरूंची आधीही कामं चालायचीच. दिवे नसलेल्या सायकलींना दिवे लावून देणं, खड्ड्यांच्या तक्रारी करणं. काका उरलेलं प्लास्टर आणून प्रत्येक खड्ड्याभोवती पांढरं कडं काढायचे आणि मास्तर म्हणायचे, एवढं केलंत तर आता दातही बसवून टाका. पण आता काकांनी अर्ज लिहिले, नकाशे काढले, वळणाचा प्लास्टरचा नमुना करून नगरपालिकेच्या रस्ते इंजिनिअरच्या टेबलावर ठेवला, भिंतीसकट. इंजिनिअर माणूस बरा होता. त्यानं नमुना निरखून बघितला आणि सांगितलं की नियमानं चालू. येत्या मंगळवारी सकाळी आठ ते दहा मोजणी करतो. दोनशे सायकलस्वार त्या वळणावरून गेले की पट्टा मंजूर. दोनशेला एक कमी असला तर पाच वर्षं नाव काढायचं नाही.

उतरूंना हसूच आलं. दोनशे? रोजचे अडीचशेच्या वर तर होतेच! नर्सनं तर पट्टा झाल्यावर त्याला रंग कुठला द्यायचा ते ठरवून टाकलं. काकांनी गच्चीत जाऊन सायकलवरची धूळ पुसली. बायकोनं ते बघितलं.

मंगळवारी धुकं इतकं दाट होतं की रंगाच्या दुकानाची पाटी वाचता येईना. नगरपालिकेचा कारकून गोदामाच्या भिंतीशी खुर्ची टाकून बसला होता, मांडीवर तक्ता, पायाशी चहाचा थर्मास. निवृत्तीला आलेला, कुणाच्या अध्यात ना मध्यात. उतरूंच्या बाजूनं मोजायला काका, शेजारच्या स्टुलावर. आठ वाजता धुक्यातून पहिल्या घंट्या आल्या. मग चाकांची टिकटिक, मग एकेक आकार. मास्तर पुढं. सगळे काकांकडं बघून हसत, भिंतीच्या कडेनं एकामागं एक निघून गेले. काकांना भरून आलं. त्या ओलसर पांढऱ्यात माणसं उगवत होती नि विरत होती, आणि काका रेघोट्या मारत होते. साडेआठपर्यंत एकसष्ट झाले. काकांनी कौतुकानं शेजारच्या तक्त्यात डोकावलं.

तिथं दोन रेघा होत्या.

काकांना वाटलं, बाबा झोपला असावा. पण कारकून टक्क जागा होता. त्यानं तक्त्यावरची बारीक अक्षरातली सूचना बोट ठेवून वाचून दाखवली. सायकल चालवत जाईल तो सायकलस्वार. हातात धरून चालत जाईल तो पादचारी. पादचाऱ्यांच्या रकान्यात रेघाच रेघा होत्या.

बारा वर्षं ज्या रस्त्यावर सायकल चालवायची नाही असं एकमेकांना शिकवलं, त्याच रस्त्यावर आम्ही किती सायकल चालवतो ते मोजायला हेच हसत तयार झाले होते! मास्तर हुशार, बँकवाला हुशार, नर्स तर सगळ्यांत हुशार, आणि एकाच्याही डोक्यात आलं नाही. उतरणं त्यांच्या इतकं अंगात मुरलं होतं की आपण उतरतो हेच कुणाला आठवलं नव्हतं.

अजून दीड तास होता. येणारे दोनशे तरी होते. आणि उपाय तर सोपा होता. काकांनी कोपऱ्यावर उभं राहून नुसतं सांगायचं, आज उतरू नका.

काका उठले आणि रंगाच्या दुकानापाशी जाऊन उभे राहिले. कॉलेजची सहा मुलं आली. काकांनी सांगितलं, मुलं खूश झाली, खाली वाकून सुसाट निघून गेली. काही झालं नाही. कारकुनानं सहा रेघा मारल्या. काकांना वाटलं, बघा, इतकं तर सोपं आहे! पुलावरची हवा, फिरणारे पाय, हसणारी म्हातारी, सगळं त्या तक्त्यातल्या रेघांपलीकडं उभं होतं. दोनशे रेघा फक्त.

मग नर्स आली. मागच्या सीटवर तिची चार वर्षांची मुलगी, आईच्या पाठीला गाल टेकून पेंगत होती. नर्स सवयीनं उतरायला लागली, तेव्हा काकांनी तिलाही सांगितलं.

“खरंच नको उतरू, काका?” तिनं विचारलं. “तुम्ही म्हणता तर जाते.”

तिनं पाय पॅडलवर ठेवला. पुलाच्या उतारावर, धुक्यात कुठंतरी, ट्रकनं गिअर बदलल्याचा आवाज आला. काकांनी तो आवाज ऐकला आणि त्यांना स्वतःचं मोडलेलं हाड आठवलं नाही, बायको आठवली नाही. त्यांना फक्त ते लहानसं डोकं दिसलं. त्यांनी पुढं होऊन सायकलचं हँडल दोन्ही हातांनी धरलं.

“उतर,” ते म्हणाले. “मी चुकलो. आधी उतर.”

ट्रक भिंतीला घासून गेल्यासारखा गेला. मुलगी जागीही झाली नाही. त्यानंतर दहा वाजेपर्यंत ते कोपऱ्यावरून हलले नाहीत. मध्ये तिघं जण त्यांना हुलकावणी देऊन गेले. बाकी प्रत्येकाला, ओळखीच्या आणि अनोळखी, कधीच न उतरणाऱ्यांनासुद्धा, दोन्ही हात पसरून त्यांनी थांबवलं आणि उतरवलं. एक गृहस्थ तर वैतागून म्हणाले की तुम्ही पोलीस का? काका नाही म्हणाले आणि तरी त्यांना उतरवलं.

दहाला कारकुनानं रेघा मोजल्या. सायकलस्वार अकरा. पादचारी दोनशे चौऱ्याऐंशी. त्यानं थर्मासच्या झाकणात काकांना चहा दिला आणि खालच्या शेऱ्याच्या जागेत, कुणी न सांगता, लिहिलं की हे सर्व सायकलवरून आले व भीतीपोटी उतरले. साहेब वाचतील का, काकांनी विचारलं. साहेब आकडा वाचतात, कारकून म्हणाला, पण लिहायला काय जातंय. मास्तरांना कळलं तेव्हा ते फुटपाथवरच बसले. शिकवलं मीच, म्हणाले, मीच घालवलं. काकांनी त्यांना उठवलं.

संध्याकाळी घरी बायकोनं किती म्हणून विचारलं. अकरा, काकांनी सांगितलं. रात्रीची भांडी आवरताना ती बराच वेळ फोनवर होती, नर्सशी. काका कूस बदलत पडून राहिले. पाच वर्षं म्हणजे आपण सत्तावन्नचे, एवढाच हिशेब डोक्यात फिरत होता. त्यांना रडू येत होतं आणि या वयात कशाला रडायचं म्हणून येऊ देत नव्हते.

सकाळी ते बसचा पास खिशात घालून दारात आले, तर सायकल खाली, पायरीशी लावलेली. गच्चीतून तीन जिने बायकोनं एकटीनं उतरवून आणली होती. तिला धाप लागली होती आणि ती चाकात हवा भरत होती.

“पट्टा नाही झाला,” काका म्हणाले. “मी शब्द दिलाय तुला.”

“ठाऊक आहे.” तिनं पंप बाजूला ठेवला आणि पदराला हात पुसले. “अहो, मला त्या वळणाची भीती नव्हती. तुमची होती. तुम्ही रस्त्यावर असता कुठं कधी? इतकी वर्षं रोज सकाळी मी एकट्या सायकलला निरोप देत आले.”

काकांनी खिशातला बसचा पास चाचपला.

“काल होतात तुम्ही,” ती म्हणाली. “दोन तास, पुरते. नर्सनं सगळं सांगितलं मला.” आणि मग ती रडायला लागली, वर्षभराचं, पायरीवर बसून. काकांनी सायकल भिंतीला टेकवली आणि तिच्याशेजारी बसले. त्या दिवशी पहिल्यांदाच ते कामावर उशिरा पोचले, सायकलनं.