उंदरांनी खाल्लेले आकडे

बाइंडिंगवाल्या मावशींनी तीस वर्षांत हजारो पुस्तकं शिवली, पण वाचलं एकही नाही. "पानांचे आकडे जुळले की झालं, आत काय का असेना," म्हणायच्या.

मग वाचनालयातून एक जुनी विज्ञानकादंबरी आली, सुटी पानं झालेली. उंदरांनी कोपरे कुरतडल्यामुळे आकडे साफ गायब. आता एका पानाची शेवटची ओळ दुसऱ्याच्या पहिलीशी जुळवणं आलं. मावशी नाक मुरडत बसल्या आणि मंगळाकडे निघालेल्या यानात अडकल्या.

चौथ्या दिवशी मालक खेकसला, "मावशी, पानं लागली ना? मग शिवा की!"

"लागली परवाच," मावशींनी मान वर न करता सुनावलं. "पण यान उतरल्याशिवाय सुईला हात लावणार नाही. आणि वाचनालयातून असली आणखी मागवा. कोपरे धड असले, तर मी कुरतडते!"