हकीमसाहेबांची अरबी

बंदराजवळच्या रुग्णालयातल्या सर्जनना सगळे पाठीमागे 'हकीमसाहेब' म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. हजार वर्षांपूर्वीचे अरबी वैद्यकग्रंथ वाचायचं वेड त्यांना तरुणपणीच लागलं होतं. बायको म्हणे, "यापेक्षा सवत परवडली असती. अधूनमधून माहेरी तरी गेली असती!"

अडचण एकच होती. अरबी बोलायला समोर जिवंत माणूस मिळत नव्हता. त्यामुळे एक म्हातारा अरब कप्तान पायाचं सडलेलं बोट घेऊन दाखल झाला, तेव्हा साहेबांना आभाळ ठेंगणं झालं. बोट संध्याकाळच्या आत काढायला हवं होतं, नाहीतर पाऊलच जाणार होतं. दुभाष्याला हात हलवून घालवून देत साहेब स्वतःच समजावायला बसले.

सुरुवात बरी झाली. पण बोलता बोलता गाडी त्यांच्या लाडक्या ग्रंथावर घसरली. रोग्याला धरायला चार धट्टेकट्टे गडी, फळीला बांधलेला पाय, लालभडक तापवलेलं लोखंड... साहेबांनी सगळं अगदी रंगवून सांगितलं. हे जुन्या काळचं आहे, एवढंच सांगायचं राहिलं.

कप्तान एका पायावर लंगडी घालत बाथरूममध्ये शिरला आणि आतून कडी!

"अहो सर, काय सांगितलंत त्यांना?" सिस्टरनी विचारलं.

"थोडा इतिहास."

"मग आता दाराशी बसून भूगोल शिकवा!"

साहेबांनी दाराशी उभं राहून दरबारी अरबीत विनवण्या केल्या. आतून एकच उत्तर आलं, "आधी ते लोखंड कुठंय, दाखव."

"ये, तूच शोध!" साहेब म्हणाले.

टोपी-गाऊन चढवून, चाकाच्या खुर्चीत बसून कप्तानानं ऑपरेशन थिएटरची झडती घेतली. जहाजाचा तळ तपासावा तशी. कपाटं उघडायला लावली, टेबलाखाली वाकून पाहिलं. बाहेरच्या खोलीतल्या विजेच्या किटलीकडे त्यानं संशयानं बोट दाखवलं.

"चहा," सिस्टर म्हणाल्या.

त्यानं झाकण काढून हुंगलं. मग आपणहून टेबलावर आडवा झाला आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत सिस्टरना अट घातली: काम संपेपर्यंत या माणसानं अरबीत अवाक्षर काढायचं नाही.

कमरेखाली भूल दिली होती, जीभ मोकळीच होती. भीती गेली तसा कप्तान वादळांच्या गोष्टी सांगू लागला. अस्सल, खणखणीत अरबीत! अशी अरबी ऐकायला साहेबांनी जन्म काढला होता. मध्येच त्यानं थेट साहेबांनाच काहीतरी विचारलं. मास्कखाली त्यांचे ओठ हलले.

सिस्टरनी डोळे वटारले.

बोट गेलं होतं, पाऊल वाचलं होतं. हकीमसाहेबांनी उत्तर गिळलं आणि मुकाट्यानं शेवटचा टाका घातला.