बोटाला चिमटा, खाटेला ठेका

"कोरोना पॉझिटिव्ह," डॉक्टरबाई फोनवर म्हणाल्या, "पण घाबरू नका काका, घरीच बरे व्हाल." घरात नातवंडं, म्हणून मी राजूरजवळच्या आमच्या शेतातल्या आखाड्यावर जाऊन राहिलो. आखाडा म्हणजे पत्र्याची एक खोली आणि खाट.

सोबत ऑक्सिमीटर होता. बोटाला लावायचा चिमटा. रक्तात प्राणवायू किती ते दाखवतो. आकडा ब्याण्णवच्या खाली गेला की जालन्याला भरती, असं बाईंनी बजावलं होतं. गावातून भरती झालेले दोघं परत आले नव्हते. मला त्या आकड्याची भीती वाटायची, खोटं कशाला बोलू.

सहाव्या दिवशी ताप उतरला. प्रोनिंग, म्हणजे पालथं झोपणं, सांगितलं होतं. पालथा पडलो. रस्त्यावर गाडी नाही, देवळाचा भोंगा बंद, लाईट नसल्यानं विहिरीवरची मोटरही गप्प. इतकी शांतता मी जन्मात ऐकली नव्हती.

भजनी मंडळात मी चाळीस वर्षं पखवाज वाजवतो. त्या शांततेत मामा आठवले. त्यांनी मला तेलाच्या रिकाम्या डब्यावर शिकवलं. हात चुकला की ते डब्यावर नाही, माझ्या पाठीवर वाजवायचे! त्यांची एक परण, म्हणजे बोलांची लांबलचक रचना, मी कधीच विसरून गेलो होतो. ती आपोआप उलगडत गेली. आजारपण विसरून मी खुशीत आलो.

तेवढ्यात माझी बायको मंगल डबा घेऊन आली. बांधावरूनच ओरडली, "आकडा किती हाय?"

चिमटा लावून पाहिलं तर चौऱ्याऐंशी. मग अठ्ठ्याहत्तर!

मंगलनं डबा बांधावरच ठेवला. मी तांब्याला टेकवून फोन उभा केला आणि डॉक्टरबाईंना व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी आधी दवाखान्यात सांगून गाडी पाठवली, मग विचारलं, "दम लागतोय?"

"न्हाई."

"चिमटा दाखवा बरं. काका, ते बोट काय करून राह्यलंय?"

बोट खाटेवर मामांची परण वाजवत होतं, चिमट्यासकट! भीतीनं उलट लय दुप्पट झाली होती.

"आधी हात थांबवा! बोट हललं की मशीन काहीबी दाखवतं."

दुसऱ्या हातानं मनगट घट्ट धरून बसलो. पखवाजवाल्याला याहून मोठी शिक्षा नाही. नव्वद, त्र्याण्णव, शहाण्णव. बाई हसत सुटल्या आणि गाडी परत फिरवली. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

तुमच्यावर ही वेळ आली तर चिमटा लावून काही मिनिटं हात स्थिर ठेवा, आणि तरी आकडा कमी दिसला तर लगेच डॉक्टरांना कळवा.

मी चिमटा काढला आणि हात पोटाखाली घालून शहाण्यासारखा पडून राहिलो. थोड्या वेळानं बांधावरून मंगलचा आवाज आला.

"थांबले कामून? वाजवा की. मला इथून आकडा दिसत न्हाई, पर खाट वाजली की बराबर कळतंय."